हलकी गाडी, काळी माती

(दृश्य: जुलैचा पाऊस नुकताच थांबलाय. काटोल रोडवरून आत वळलेली पांदण, दोन्ही बाजूंना कपाशी.)

ही पांदण, म्हणजे शेतातली कच्ची वाट, नीट पाहून घ्या. उन्हाळ्यात हिच्यावरून बंडी, ट्रॅक्टर, स्कूटर, सगळं जातं. पण दोन दिवस झड लागली की हीच काळी माती पाणी पिते, फुगते आणि चाकाला अशी धरते की सोडतच नाही. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. ते पाण्यानं फुगतं आणि उन्हानं आकसतं, म्हणून मे महिन्यात याच शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या दिसतात. पावसात ही माती टायरच्या नक्षीत बसली की टायर पार गुळगुळीत होतो. मग चारही चाकं फिरोत नाहीतर दोन, गाडी जागची हलत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी इथेच अडकलो होतो. गाडी मित्राची, डिझेल, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचणारी, वजन दोन टनांच्या आसपास. लिव्हर टाकला, चारही चाकं फिरली आणि गाडी आसापर्यंत खाली बसली. शेजारच्या वावरातल्या काकांनी ट्रॅक्टर आणला. साखळी अडकवता अडकवता ते म्हणाले, "भाऊ, एवढी जड गाडी काऊन आणली इथं? थे जिप्सी पाहा, कशी निघून जाते!"

नागपुरात राहून जुनी, लहान फोर बाय फोर घ्यायची असेल, तर काकांचं हे म्हणणं सगळ्यात आधी लक्षात घ्या. हॉर्सपॉवर नंतर, रंग आणि बंपर तर त्याहून नंतर. आधी वजन पाहायचं.

(दृश्य: पांदणीवरून सावकाश जाणारी जिप्सी.)

मारुती जिप्सी आपल्याकडे डिसेंबर १९८५ मध्ये आली, ९७० सीसीचं इंजिन घेऊन. १९९६ मध्ये १३०० सीसीचं इंजिन आलं, २००० मध्ये त्याला एमपीएफआय (इंजेक्शननं पेट्रोल सोडणारी यंत्रणा) जोडलं गेलं आणि ताकद ८० हॉर्सपॉवरवर गेली. २०१९ पासून सर्वसामान्य ग्राहकाला नवी जिप्सी मिळत नाही. म्हणजे आज जी मिळेल ती जुनीच. कापडी टपाच्या जिप्सीचं वजन जेमतेम ९८५ किलो. शिडीसारखी चेसिस, पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल, चारही बाजूंना पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) आणि लो रेंजचा, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा, वेगळा गिअर. हिच्यात बिघडण्यासारखं फार काही नाही, आणि जे बिघडतं ते रस्त्याकडेचा मिस्त्रीही उघडून पाहू शकतो. लांबच्या प्रवासात मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पण तिचं दुसरं अंगही सांगायला हवं. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० पर्यंत मुभा आहे. पाट्यांवरची जिप्सी तिथं ८०-९० च्या पुढे नेली की स्टिअरिंगवरचा हात दुखायला लागतो. कंपनीकडून एसी नसायचा. नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या पुढचा पारा. त्या उन्हात कापडी टपाखाली सहा तास बसणं सोपं नाही, त्यातही मागच्या सीटवर आईवडील असतील तर अजिबात नाही.

म्हणून घरच्यांना घेऊन लांब जायचं असेल, तर मी मारुतीच्याच जिम्नीकडे वळा म्हणेन. ती २०२३ च्या जूनमध्ये आली, त्यामुळे आता वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातही दिसते. १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन, तीच शिडीची चेसिस, तोच लो रेंज, पण पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग. वजन १२०० किलोच्या आसपास, म्हणजे अजूनही हलकीच. डिकी मात्र लहान. चार माणसं बसली की सामान टपावर जातं.

महिंद्राची थार दणकट आहे, चढावर तिचा भरवसा वाटतो, पण वजन दीड टनाच्या वर. आणि जुनी थार घेताना एक काळजी घ्याच. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी थारही विकली जाते. बाहेरून पटकन फरक कळत नाही. गिअरच्या शेजारी दुसरा लिव्हर आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. रेनॉची डस्टर एडब्ल्यूडी (तीही चारही चाकांवर चालणारी) लांबच्या प्रवासाला फार आरामशीर आहे, पण तिला लो रेंज नाही. चिखलदऱ्याच्या घाटापर्यंत उत्तम, पांदणीत जपून.

(दृश्य: वाडीतलं एक गॅरेज. मिस्त्री गाडीखाली.)

आता खरं काम. जाहिरातीत 'फोर बाय फोर चालू' असं लिहिलेलं असतं. ते चालू आहे का, हे कसं ओळखायचं?

जिप्सीच्या पुढच्या चाकाच्या मधोमध हे गोल झाकण दिसतंय ना, हा फ्री व्हील हब. त्यावर दोन खुणा असतात, फ्री आणि लॉक. आत लिव्हर फोरवर टाकला, पण हा हब फ्रीवरच राहिला, तर पुढच्या चाकाला ताकद पोहोचतच नाही. कित्येक गाड्यांमध्ये हा हब वर्षानुवर्षं कुणी फिरवलेलाच नसतो. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट होतं आणि झाकण हलत नाही. मी ज्या मिस्त्रींकडे गाड्या दाखवतो, ते आधी इंजिनाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणतात, "इंजिनाचा आवाज काय ऐकून राह्यले भाऊ, इकडे खाली या." मग ते पुढचं एकच चाक जॅकवर उचलतात. ट्रान्सफर लिव्हर, म्हणजे गिअरच्या शेजारचा तो दुसरा लिव्हर, टू एचवर (फक्त मागची चाकं). जमिनीवरच्या चाकाचा हब लॉक. उचललेल्या चाकाचा हब फ्री ठेवून चाक हातानं फिरवतात, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) स्थिर राहतो. मग तो हब लॉक करून पुन्हा फिरवतात, आता चाकाबरोबर शाफ्टही फिरायला हवा. नाही फिरला, तर हब गेलेला. मग दुसऱ्या बाजूला तेच. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करू द्यायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर तिथूनच परत फिरा.

चाक जॅकवर आहेच, तर ते वरखाली हलवून पाहा. खेळ जाणवला तर किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची, बेअरिंग झिजली असण्याची शक्यता. त्याच खेळामुळे वेगात स्टिअरिंग थरथरायला लागतं. नकलच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या त्या सांध्याच्या, मागे तेल पाझरलेलं दिसलं तर सील गेलं. प्रोपेलर शाफ्ट हातात धरून मुरडा, क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या सांध्यात, खटखट येता कामा नये. डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा) नट सैल करून थोडं तेल बोटावर घ्या. ते दुधाळ असेल, तर ही गाडी पाण्यात गेली आहे आणि नंतर कुणी तिचं तेल बदललेलं नाही.

चेसिसवर छोट्या हातोडीनं ठोकत जा, विशेषतः पाटे चेसिसला जोडणाऱ्या शॅकलपाशी. ठणठण आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत गंज. आपल्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी यात सुदैवी असते. मुंबई-कोकणातून आलेली असेल तर हातोडी जास्त वेळ चालवा.

ताडोबा, पेंचच्या सफारीतून निवृत्त झालेल्या जिप्सीही विकायला येतात. स्वस्त वाटतात. पण उंच सीट बसवण्यासाठी बॉडी कापलेली असते, रोजची धूळ इंजिनानं खाल्लेली असते आणि खड्ड्यांनी चेसिसला तडे गेलेले असू शकतात. शिवाय तिची नोंदणी प्रवासी वाहतुकीची असते, ती खासगी करून घ्यावी लागते. मी स्वतः अशी गाडी घेणार नाही.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चेसिस नंबर आणि चेसिसवर कोरलेला नंबर समोरासमोर जुळवा. कर्ज असेल तर फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, नाव बदलायला २९ आणि ३०. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २०१० ची गाडी घेताना हे झालंय का ते विचारा. आणि मोठाले टायर, कापलेली बॉडी हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, हे विसरू नका.

टायरवर चार आकडे असतात. १८१९ म्हणजे २०१९ सालचा अठरावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसू दे, एवढ्या जुन्या टायरवर भर उन्हात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवरून जाऊ नका. गाडीच्या किमतीच्या पाचव्या भागाइतके पैसे टायर, तेलं आणि रेडिएटरसाठी आधीच बाजूला काढा.

आणि ही गाडी जंगलात घालू नका. व्याघ्र प्रकल्पात ठरलेल्या रस्त्याच्या बाहेर चाक टाकणं हा गुन्हा आहे, आणि तिथल्या जनावरांना त्याचा त्रास होतो. पांदणीतही पावसाळ्यात जाण्याआधी शेतकऱ्याला विचारा. तुमच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या त्यालाच वर्षभर सोसाव्या लागतात.

(दृश्य: कन्हान नदीचा काठ, सकाळ.)

गेल्या हिवाळ्यात मी शेवटी एक जिप्सी पाहिली. पांढरी, एकाच मालकाची, टपाला एक ठिगळ. मालक काका स्वतः शेजारी बसले. नदीकाठच्या सैल मातीवर मी दोन्ही हब लॉक केले. गाडी थांबवून, क्लच दाबून लिव्हर फोर एलवर, म्हणजे चारही चाकं आणि लो रेंजवर, टाकला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि हळूच क्लच सोडला. गाडी ब्रेक लावल्यासारखी ओढली गेली, पुढच्या चाकानं माती मागे फेकली. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल नसलेल्या गाडीत वळताना पुढचं-मागचं चाक वेगवेगळं अंतर कापतं, तो ताण असाच जाणवतो. म्हणूनच ही चाचणी डांबरावर करायची नसते.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पटली न?"

येताना कामठी रोडवरच्या पंपावर टाकी फुल केली. ४० लिटर मावतात, म्हणजे चारशेएक किलोमीटर. चिखलदरा सव्वादोनशेच्या आसपास आहे.