गच्चीवरचे गोरिला

कॉम्प्युटरच्या पडद्यावर निळं आकाश, वर मधोमध हसरा सूर्य. खाली उंच इमारती, आणि भर दिवसा त्यांच्या खिडक्यांत पिवळे दिवे. दोन बाजूंच्या गच्च्यांवर दोन गोरिला समोरासमोर उभे आहेत. शस्त्र एकच, केळं. आणि ते आदळलं की फुटतं.

१९९१ साली मायक्रोसॉफ्टची एमएस-डॉस ५ ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आली. तिच्याबरोबर क्यूबेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली, आणि नमुन्यादाखल काही प्रोग्रॅम. त्यातलाच हा एक खेळ, गोरिला डॉट बास. वेगळा विकत घ्यायची गरजच नव्हती.

खेळायचं दोघांनी, आळीपाळीनं. आधी कोन टाइप करायचा, मग वेग, मग एंटर. नेम धरायला पडद्यावर कसलीही खूण नाही. कोन ४५, वेग ७०... केळं गरगरत वर जातं, मधल्या इमारतीवर आदळतं, भिंतीला खड्डा पडतो. आता समोरच्याची पाळी.

पडद्याच्या तळाशी तो बाण दिसतोय? तो वारा. बाण जितका लांब, तितका वारा जोराचा. एका डावात वारा बदलत नाही, म्हणून चुकलेलं केळं वाया जात नाही. ते कुठं पडलं ते पाहायचं आणि पुढच्या वेळी कोन दोन-चार अंशांनी हलवायचा. वेग २ पेक्षा कमी टाकलात तर मात्र केळं हातातच फुटतं!

अकरावीच्या फिजिक्समध्ये प्रोजेक्टाइल मोशन, म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती, शिकवतात, तेच गणित इथं चालू असतं. केळं किती वर जाणार हे वेग, कोन आणि गुरुत्वाकर्षण ठरवतं. वारा त्याला आडवं ढकलत राहतो. खेळ सुरू होतानाच विचारलं जातं, गुरुत्वाकर्षण किती? पृथ्वीचं ९.८. तिथं चंद्राचं १.६ टाकून पाहा. पृथ्वीवर जेमतेम पोचणारं केळं आता पडद्याबाहेर निघून जातं.

पण माझ्या मते या खेळाची खरी श्रीमंती त्याच्या कोडमध्ये आहे. क्यूबेसिकमध्ये फाइल उघडली की गोरिला दिसतच नाहीत, दिसतो सगळा प्रोग्रॅम, साध्या अक्षरांत. शिफ्ट आणि एफ-५ दाबलं की तो चालतो. वरच्याच टिपेत लिहिलंय: खेळ फार हळू किंवा फार जलद वाटला तर खालच्या ओळीतला ५०० हा आकडा बदला.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कितीतरी शाळांत क्यूबेसिक शिकवायचे. चपला दाराबाहेर, एका कॉम्प्युटरपुढं दोघं-तिघं. मी हा खेळ तिथंच पाहिला. तो आकडा बदलला, पुन्हा चालवला, आणि कॉम्प्युटर आपलं ऐकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता सूर्याकडे बघा. केळं त्याच्यावरून गेलं की त्याचा आ वासतो. केळं अडत नाही, गुण मिळत नाहीत. तरीही कुणीतरी मन लावून हे लिहिलंय. कोडमध्ये त्याच्या चेहऱ्यांना नावंही आहेत, सनहॅपी आणि सनशॉक. प्रत्येक फेकीनंतर एक ओळ तपासते, सूर्याला केळं लागलं होतं का? लागलं असेल, तर त्याला पुन्हा हसरा करते.