शेवटच्या डब्यातली जागा

(दृश्य : पहाट. धुक्यातला लाकडी सांगाडा. लांबून हातोडीचा आवाज.)

खेळांची बाग, म्हणजे अम्युझमेंट पार्क, उघडायला अजून तीन तास आहेत. वर, रोलर कोस्टरच्या पार टोकाशी, कमरेला पट्टा बांधलेला एक माणूस रुळांवरून चालतोय. रोज सकाळी, पहिली गाडी सुटायच्या आधी, हा सगळा मार्ग असा पायी तपासतात. नट ढिला झालाय का, फळीला चीर गेलीय का, पट्टी कुठे उचललीय का. घट्ट फळीवर हातोडी पडली की एक आवाज येतो, सैल फळीवर दुसरा. आम्हाला दोन्ही सारखेच ऐकू आले. त्याला नाही. तो दोनदा थांबला आणि खिशातून पाना काढला.

(दृश्य : रूळ, अगदी जवळून.)

हा लाकडी कोस्टरचा रूळ. एकावर एक ठोकलेल्या सात-आठ फळ्या आणि सगळ्यांत वर चपटी पोलादी पट्टी. पट्टीच्या कडा गंजाच्या रंगाच्या आहेत आणि मधोमध, चाक फिरतं तेवढ्याच रुंदीत, आरशासारखी चकाकी. रात्रीत धरलेला गंज पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत घासून जातो. बंद पडलेला लाकडी कोस्टर ओळखायचा असेल तर ही चकाकी बघायची.

(दृश्य : प्रवेशद्वार. गर्दी. दोरी सुटते.)

या ताई. चित्रीकरणभर आम्ही त्यांना ताईच म्हणत होतो, तर इथेही तेच. वय सत्तेचाळीस, चष्म्याला मागून दोरी, खिशांना चेन, पायात घट्ट लेसचे बूट. खांद्याला पिशवी नाही. पिशवी असली की ती ठेवायला लॉकर आला, लॉकर आला की रांगेतली दहा मिनिटं गेली. हातात एक वही. आजवर बसलेल्या प्रत्येक कोस्टरची त्यात नोंद आहे. या वेडातली माणसं त्याला ‘क्रेडिट’ म्हणतात. एका कोस्टरचं क्रेडिट एकदाच, मग पुढे त्याच्यावर शंभर वेळा बसा. ताईंचा आकडा 212. आज 213 व्हायचा आहे.

हे वेड एकट्यादुकट्याचं नाही. अमेरिकेत अशा शौकिनांची संघटना 1978 साली निघाली. लोक सुट्ट्या कोस्टरच्या हिशेबाने टाकतात. ताईही त्यातल्याच. घरच्यांनी आता विचारणं सोडून दिलंय.

दोरी सुटली की पळायचं नसतं, तशी पाटीच आहे. ताई पळत नाहीत. पण त्यांच्या चालीबरोबर राहताना आमच्या कॅमेरावाल्याला धाप लागली, ते चित्राच्या हलण्यावरून दिसतंच आहे.

(दृश्य : नवा पोलादी कोस्टर. गाडी सुसाट सुटते.)

हा बागेचा नवा मानकरी. याला चढ नाही, साखळी नाही. रुळाच्या मधे विद्युतचुंबकांची रांग आहे. ती गाडीला पुढे फेकते आणि तीन सेकंदांत वेग ताशी शंभरच्या घरात जातो. वेगाची ही चढाओढ जुनीच. अबू धाबीत 2010 साली सुरू झालेला ‘फॉर्म्युला रोसा’ ताशी 240 किलोमीटरवर जातो; त्यात पुढच्या रांगेतल्यांना डोळ्यांना गॉगल लावावा लागतो, कारण त्या वेगात चिलटसुद्धा खड्यासारखं लागतं.

ताईंच्या पुढे चार गाड्या उरल्या होत्या. तेवढ्यात हे झालं.

(दृश्य : ब्रेकवर उभी गाडी. आत माणसं. शांतता.)

गाडी स्थानकाच्या अलीकडे थांबली. एक मिनिट, दोन मिनिटं. रांगेत कुजबुज सुरू झाली, ‘बिघडली वाटतं’. कोणीतरी फोन वर धरला.

ताईंनी मात्र वर बघायच्या आधी मागे बघितलं. दुसरी गाडी कुठे आहे, ते. ती स्थानकात होती, मांडीवरच्या कड्या उघडून. ‘मग ठीक आहे,’ असं म्हणून त्यांनी शेजारच्या दोन पोरांना समजावून सांगायला घेतलं. ते आम्हाला पुरतं ध्वनिमुद्रित करता आलं नाही, म्हणून इथे सांगतो.

कोस्टरचा मार्ग टप्प्यांत वाटलेला असतो. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा टप्पा रिकामा झाल्याची खूण मिळेपर्यंत मागची गाडी हलत नाही. आगगाडीच्या सिग्नलची जी रीत, तीच इथली. टप्प्याच्या तोंडाशी संवेदक असतात, ते गाडी गेल्याची वर्दी देतात. त्यातला एक जरी बाकीच्यांशी जुळेनासा झाला, तर यंत्र वाद घालत बसत नाही, सगळं थांबवतं. गाडी उभी राहते ती या शंकेखोरपणामुळे. आणि ब्रेक? रुळाला बसवलेले कायमचे चुंबक आणि गाडीखाली तांब्याचं पातं. पातं चुंबकांमधून जाताना त्यात वीज फिरते आणि तीच वीज गाडीला मागे ओढते. बाहेरून वीजपुरवठा लागत नाही. सगळ्या बागेची वीज गेली तरी हे ब्रेक लागतातच.

पोरांनी विचारलं, म्हणजे आता किती वेळ?

त्याला उत्तर नव्हतं. गाडीतली माणसं वीस मिनिटांत उतरली, कोस्टर मात्र उघडेना. ताई तासभर उभ्या राहिल्या. मग वही मिटली आणि निघाल्या.

(दृश्य : जुनी चित्रं, छायाचित्रं.)

दुपारी ऊन वर आल्यावर ताई झाडाखाली बसल्या, आणि आम्हाला जो इतिहास सांगायचाच होता, त्याला जागा मिळाली.

या खेळाचा जन्म बर्फावर झाला. रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, लाकडी मनोरे उभारून त्यांच्या उतारावर पाणी ओतायचे, ते गोठलं की वरून घसरायचं. फ्रेंचांनी त्याला चाकं लावली. पॅरिसमध्ये 1817 साली रुळात अडकलेल्या चाकांच्या गाड्या धावत होत्या. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन भाषांत आजही कोस्टरला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. खुद्द रशियन लोक त्याला ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतात. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

अमेरिकेत लामार्कस थॉम्पसनने 1884 साली न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवर आपली गाडी सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. माणसं बाकावर बसल्यासारखी आडवी तोंडं करून बसायची. टोकाला पोचल्यावर सगळ्यांनी उतरायचं, नोकरांनी गाडी ढकलत दुसऱ्या मनोऱ्यावर चढवायची आणि पुन्हा बसून परत. आज हसू येईल, पण त्या पाच सेंटसाठी रांगा लागायच्या.

उलटं फिरायची हौसही लगोलग आलीच. त्याच कोनी आयलंडवर 1895 साली पूर्ण गोल वळसा झाला. चूक तिथेच होती, गोल. वर्तुळात शिरताना वाकण एकदम येते, अंगावर वजन धाडकन पडतं. मानेच्या तक्रारी झाल्या, तो वळसा टिकला नाही. उत्तर मिळायला ऐंशी वर्षं गेली. 1976 साली कॅलिफोर्नियात, अँटोन श्वार्झकोफ यांच्या कोस्टरसाठी वेर्नर श्टेंगेल यांनी वळसा थेंबाच्या आकाराचा केला, खाली पसरट, वर आवळलेला. गाडी खाली वेगात असते तिथे वळण सौम्य, वर मंदावते तिथे घट्ट. आज कुठल्याही बागेत उलटा वळसा बघा, तो वर्तुळ नसतो.

(दृश्य : साखळी, चढणारी गाडी, खटक्यांचा आवाज.)

ऊन उतरलं आणि ताई लाकडी कोस्टरकडे वळल्या.

मुद्दाम संध्याकाळी. सकाळी चाकांच्या बेअरिंगमधलं वंगण थंड असतं, गाडी जड चालते. दिवसभर धावून ते तापतं, पातळ होतं, आणि संध्याकाळची फेरी सकाळच्यापेक्षा काही सेकंदांनी लवकर संपते. लाकूडही दिवसभराच्या उन्हाने आणि दमटपणाने हलतं. हा एकच कोस्टर सकाळी एक असतो, रात्री दुसरा. पोलादी कोस्टरही ऊन-थंडीप्रमाणे बदलतो, पण इतका नाही, आणि आम्ही या बाबतीत लाकडाच्या बाजूचे आहोत, हे एव्हाना कळलं असेलच.

हा टक-टक-टक आवाज ऐका. पुष्कळांना वाटतं, साखळीचा. साखळी गाडीला वर ओढते, तिचा आवाज खाली दबका. टक-टक करतो तो खटका. गाडीच्या पोटाखाली लोंबणारी एक पोलादी जीभ, रुळालगतच्या दातेरी पट्टीवर एकेक दात ओलांडत पडत जाते. पुढे जाऊ देते, मागे नाही. साखळी तुटली तरी गाडी जास्तीत जास्त एक दात मागे सरेल. असा खटका बसवणाऱ्यांत अमेरिकन कारागीर जॉन मिलर याचं नाव पहिलं घेतात.

मिलरचंच आणखी एक काम बघायला आम्हाला दुरुस्तीच्या शेडमध्ये नेलं.

(दृश्य : शेड. उलटी ठेवलेली चाकांची जोडणी.)

तीन चाकं. वरचं रुळावर धावतं, गाडीचं वजन घेतं. बाजूचं रुळाच्या कडेला टेकून वळणावर आधार देतं. आणि हे तिसरं, रुळाच्या खालच्या अंगाला. सपाटीवर ते नुसतं लटकलेलं असतं. गाडी टेकाडावरून उडायला बघते, तेव्हा हे तिला खालून धरून ठेवतं. 1919 साली मिलरने याचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या कोस्टरना उतार बेताचेच ठेवावे लागत, नाहीतर गाडी रूळ सोडायची. तशातला एक, 1902 सालचा, पेनसिल्व्हेनियात अल्टूना इथे उभा आहे. त्याला हे तिसरं चाक नाही. मेलबर्नच्या 1912 सालच्या कोस्टरवर आजही एक माणूस गाडीत उभा राहून हाताने ब्रेक लावतो.

शेडमधल्या मेकॅनिकने तिसऱ्या चाकावरून अंगठा फिरवला आणि आम्हाला दाखवला. काळा. ‘हे झिजतं म्हणजे वर लोक उडतायत,’ तो म्हणाला. तो खुशीत होता.

(दृश्य : स्थानक. ताई शेवटच्या डब्यात.)

पुढच्या डब्याची रांग लांब, शेवटच्या डब्याची रिकामी. ताई शेवटच्या. पुढचा डबा टोक ओलांडतो तेव्हा मागचे डबे चढावर असतात, ते त्याला मागे खेचतात, म्हणून तो उताराच्या तोंडाशी क्षणभर लोंबतो. शेवटचा डबा टोकाशी येतो तोवर अर्धी गाडी खाली धावत असते, त्यामुळे तो टोकावरून ओढून फेकला जातो. बूड बाकावरून सुटतं, मांडीवरची कडी तेवढी अडवते. याला म्हणतात एअरटाइम. हळुवार असेल तर तरंगल्यासारखं, जोरकस असेल तर कोणीतरी बखोट धरून उचलल्यासारखं. ताईंच्या वहीत याच्या वेगळ्या खुणा आहेत, दोन टिंबं आणि तीन टिंबं.

इथला पहिला उतार 33 मीटरचा. हवा आणि घर्षण सोडलं तर पायथ्याशी वेग ताशी सुमारे 92 किलोमीटर निघतो. हे गणित कुठल्याही शाळकरी पोराला येईल, आणि तरी पोटात गोळा येतोच.

गाडीत कॅमेरा नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. त्या वेगात हातातून सुटलेला फोन म्हणजे गोफणीतला दगड. म्हणून हे खालून घेतलेलं चित्र. सांगाडा हलतोय तो बघा. हलायलाच हवा, ताठ राहिला तर लाकूड फुटेल. उजवीकडून तिसरा खांब, गाडी वरून जाताना.

(दृश्य : खांब. गाडी. पुन्हा खांब. निवेदन नाही. पंधरा सेकंद.)

बाहेर पडायच्या वाटेवर एक पाटी लागली. हा कोस्टर या हंगामानंतर बंद होतोय.

असं बऱ्याच ठिकाणी झालंय. टेक्सासमधला एक मोठा लाकडी कोस्टर 1990 साली सुरू झाला, 2009 साली थांबला आणि 2011 साली लाकडाच्याच सांगाड्यावर पोलादी रूळ टाकून पुन्हा उघडला. तो अनेकांना आवडतो, ताईंनाही आवडतो. पोलादालाही अभय नाहीच म्हणा. न्यू जर्सीतला 139 मीटर उंच ‘किंगडा का’, एके काळी जगात सर्वांत वेगवान, 2025च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला. उलट कोनी आयलंडचा 1927 सालचा लाकडी ‘सायक्लोन’ शहराने 1988 साली वारसा म्हणून जाहीर केला, आणि त्याची गाडी अजून धावते आहे.

(दृश्य : संध्याकाळ. दिवे. वही.)

पाटी वाचून ताई काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. त्या पुन्हा रांगेच्या तोंडाशी गेल्या.

एवढ्यात पलीकडे नवा कोस्टर सुरू झाल्याची घोषणा झाली. दिवसभर थांबलेली गर्दी तिकडे पळाली. या वेळी ‘पळू नका’च्या पाटीकडे कोणी बघितलं नाही. 213वं क्रेडिट हाकेच्या अंतरावर होतं. आमच्या दिग्दर्शकाने ताईंना खूण केली, जायचंय का? ताईंनी घड्याळ बघितलं. बाग बंद व्हायला पन्नास मिनिटं. तिकडे एक फेरी झाली असती. इकडे रांग रिकामी.

वहीचं हे पान. वर आजची तारीख. आकडा 212, तसाच. खाली उभ्या रेघा, एका फेरीला एक. सहा रेघा आणि प्रत्येक रेघेपुढे तीन टिंबं. सातवी ओढताना मागून कडी उघडल्याचा आवाज आला, म्हणून ती जरा वाकडी गेलीय.

(दृश्य : शेवटची गाडी चढावर. टक-टक-टक. शेवटच्या डब्यात एकच डोकं. श्रेयनामावली.)