डोंगर उडाला, पण किती जोरात?

[दृश्य: रंकाळा, संध्याकाळ. कट्ट्यावर मोबाईलभोवती पोरांचं टोळकं.]

ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून, त्यातल्या नायकानं एका ठोशात डोंगर उडवला आणि इकडं रंकाळ्यावर वाद पेटला. कोण म्हणतो एका अणुबॉम्बची ताकद, कोण म्हणतो हजारांची. भावा, हिशोब मांडूया की!

[दृश्य: दुरून जोतिबाचा डोंगर.]

मापाला डोंगर पाहिजे. समोर जोतिबाचा आहे, पण त्याला हात लावायचा नाही. चांगभलं म्हणायचं आणि पुढं जायचं. आपण कल्पनेतला घेऊ. उंची ३०० मीटर, तळाची त्रिज्या १ किलोमीटर, आकार शंकूचा. घनफळ सुमारे ३१ कोटी घनमीटर. आपल्याकडचा दगड बेसाल्ट, घनमीटरला २.८ टन धरा. वजन झालं ८८ कोटी टन.

[दृश्य: खडीची खाण. कामगार सुरुंगाच्या भोकात दारू ठासतोय, वर माती दाबतोय.]

खाणीत घनमीटरला अर्धा किलो स्फोटक धरलं, तर या डोंगराला दीड लाख टन लागेल. हिरोशिमावर १९४५ साली पडलेला बॉम्ब १५ हजार टन टीएनटीचा, म्हणजे तेवढ्या टीएनटी नावाच्या स्फोटकाच्या ताकदीचा. म्हणजे तसले साधारण दहा. पण खाणवाला दगडाची भेग, सांधा बघून भोक मारतो. ठोसा मारणारा कुठला बघतोय! म्हणून असले हिशोब करणारे चाहते घनसेंटिमीटरला ८ जूल (जूल हे ऊर्जेचं माप), म्हणजे खाणीच्या चौपट धरतात. आकडा जातो ६ लाख टन टीएनटीवर.

ही झाली नुसती फोडाफोड. पार पीठ करायचं तर घनसेंटिमीटरला २०० जूल, दीड कोटी टन. अमेरिकेनं १९५४ साली बिकिनी बेटांवर फोडलेल्या कॅसल ब्रॅव्हो या हायड्रोजन बॉम्बएवढं.

[दृश्य: अमेरिकेतला सेंट हेलेन्स ज्वालामुखी, १९८०.]

आणि डोंगर फुटलाच नाही, नुसता ढासळला असेल तर? सेंट हेलेन्सला भूकंपाचा धक्का बसला आणि अडीच घनकिलोमीटर डोंगर स्वतःच्याच वजनानं खाली आला. तिथं सगळं श्रेय ठोशाला द्यायचं नाही.

[दृश्य: पडद्यावर उडणारे दगड, एकेक फ्रेम थांबवून.]

खरी गंमत वेगात आहे. पोरं फ्रेमा मोजतात आणि सांगतात, दगड सेकंदाला १ किलोमीटर गेला. मग नुसत्या उडण्याचीच ऊर्जा १० कोटी टन, रशियाच्या १९६१ च्या झार बॉम्बच्या दुप्पट! पण हवेचा अडथळा सोडला, तर या वेगानं तिरका उडालेला दगड शंभर किलोमीटरवर, पार बेळगावच्या आसपास पडेल. पडद्यावर तर तो डोंगराच्या पायथ्यालाच पडलाय. चित्रकारानं दृश्य जोरकस दिसावं म्हणून दगड पळवलाय, दुसरं काही नाही.

मी सेकंदाला १०० मीटर धरेन. दगड किलोमीटरभर जातो. वेग दहापट कमी म्हणजे ऊर्जा शंभरपट कमी: १० लाख टन. त्यात फोडायचे ६ लाख मिळवा. सोळा लाख टन टीएनटी.