दोन नावांची गोळी

(दृश्य : बेळगुंदी परिसर. रताळ्याची काढणी. सकाळ.)

बेळगावच्या पश्चिमेची ही तांबडी माती. बैल पुढे गेले की मागून बायका वाकून रताळी वेचत जातात. सकाळी वाकलेली पाठ जेवणाच्या सुट्टीलाच सरळ होते. या मावशींच्या पदराची गाठ जरा जवळून बघा. आम्हाला वाटलं तंबाखूची पुडी असेल. निघाल्या दोन गोळ्या.

(दृश्य : औषध दुकान. संध्याकाळ.)

"तम्मा, अंगदुखीची दोन गोळी दे की."

"कुठली देऊ, आक्का?"

"तीच, मागच्या वेळची."

कात्री बघा. हा शॉट आम्ही तीन दुकानांत घेतला. तिन्हीकडे कात्री गल्ल्याशेजारीच लटकवलेली. बॅच नंबर, मुदत, किंमत हे सगळं बऱ्याच पट्ट्यांवर एका टोकाला छापलेलं असतं. पट्टी कापली की ते टोक दुकानातच राहतं. मावशींच्या हातात येतात दोन गोळ्या आणि कंपनीनं ठेवलेल्या नावाचं शेपूट.

(दृश्य : अख्खी पट्टी, अगदी जवळून.)

दुकानाच्या फलकावर कुठली अक्षरं मोठी असावीत, कन्नड की मराठी, यावरून या भागात काय काय झालं ते आपल्या लोकांना सांगायला नको. अक्षरांच्या आकाराचा एक नियम या पट्टीलाही आहे, त्याबद्दल मात्र कुठे चकार शब्द निघत नाही. सप्टेंबर २०१८ पासून औषधाचं मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा दोन आकारांनी मोठं छापावं लागतं. तीन किंवा त्याहून जास्त औषधांच्या मिश्रणांना तेवढी सूट आहे. आता पट्टीकडे बघा. नियम पाळलाय. तरी डोळा जातो कुठे? रंगाकडे. आणि रंग दिलेला असतो कंपनीच्या नावाला.

वरची ओळ वाचू. पॅरासिटामॉल टॅब्लेट्स आयपी.

क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. कॅल्पॉल म्हणजे पॅरासिटामॉल. डोलो म्हणजेही तेच, फक्त ६५० मिलिग्रॅम. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि त्याच्या जोडीला पुन्हा पॅरासिटामॉल, ३२५.

हे रसायन काही परवाचं नाही. १८७८ साली ते अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं, आणि मग सत्तर वर्षं जवळजवळ अडगळीत पडलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड या दोघा शास्त्रज्ञांनी त्याचा नीट अभ्यास केला. १९५५ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात आलं, पुढच्या वर्षी ब्रिटनच्या. म्हणजे इथे सीमाप्रश्न सुरू झाला तेव्हाची ही गोळी! आयबुप्रोफेन त्यानंतरचं. इंग्लंडात नॉटिंगहॅमला बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स यांनी ते शोधलं, १९६९ मध्ये ते तिथे विक्रीला आलं. दोन्हींवर आज कुणाचंही पेटंट नाही. रंगीत नावाची असो की साध्या नावाची, आपल्याकडची दुखण्याची जवळजवळ प्रत्येक गोळी मुळात जेनेरिकच, म्हणजे पेटंट नसलेल्या औषधाची आहे. एकीला बारशाचा खर्च आला, दुसरीला नाही, एवढंच.

आणि ते 'आयपी'? इंडियन फार्माकोपिया. औषधांच्या दर्जाची सरकारी पोथी म्हणा. ५०० लिहिलंय तर गोळीत औषध किती भरलं पाहिजे, पाण्यात ती किती वेळात सुटली पाहिजे, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. नावाजलेल्या कंपनीला एक पोथी आणि साध्या कंपनीला दुसरी, असं नाही. एखादी बॅच चाचणीत नापास होते, ती मोठ्या नावाचीही होते आणि साध्या नावाचीही.

(दृश्य : दोन काचेचे ग्लास, दोन गोळ्या.)

दिसायला छान आहे म्हणून हा शॉट ठेवलाय. यावरून काही सिद्ध होत नाही. औषधाचा दर्जा दुकानात कळत नाही आणि स्वयंपाकघरातल्या ग्लासातही कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते.

(दृश्य : जनऔषधी केंद्र. पांढऱ्या पट्ट्यांचा कप्पा.)

जनऔषधी, म्हणजे साध्या नावाची औषधं स्वस्तात देणारी सरकारी योजना. तिची सुरुवात २००८ ची, पहिलं दुकान अमृतसरला. बाजारापेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त, असं सरकार सांगतं. पॅरासिटामॉलचा कमाल दर सरकारनं बांधलेला आहे, म्हणून तिथे फरक थोड्या रुपयांचाच पडतो. दुखण्याची जेल, मिश्र गोळ्या, जिथे दर बांधलेला नाही तिथे तो डोळ्यात भरतो. पण एक बारकावा आहे. साध्या दुकानातली प्रत्येक जेनेरिक पट्टी गिऱ्हाईकाला स्वस्त पडतेच असं नाही. काही पट्ट्यांवर किंमत मुद्दाम चढी छापलेली असते आणि मधला फायदा दुकानदाराचा होतो. हे आम्हाला एका दुकानदारानंच सांगितलं. कॅमेरा बंद करायला लावून.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ठरावीक कंपनीची गोळी लिहिली असेल आणि ती शेड्यूल एच मधली, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतली असेल, तर दुकानदाराला ती बदलून देता येत नाही. पॅरासिटामॉलसाठी चिठ्ठी लागतच नाही. हजारापर्यंत वस्तीच्या गावात तर ते किराणा दुकानातही बिनपरवाना विकता येतं, एक अट अशी की पाकीट न फोडलेलं हवं.

(दृश्य : वडगाव, यंत्रमागाची गल्ली. रात्र.)

एक सांगायचं राहिलं. तापाला एका नावाची आणि पाठीला दुसऱ्या नावाची गोळी घेतली आणि दोन्हींत पॅरासिटामॉल असलं, तर पोटात एकच औषध दुप्पट जातं. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या पुढे पॅरासिटामॉल नको, यकृतावर येतं. दारू पिणाऱ्यानं त्याच्याही बरंच अलीकडे थांबावं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या पट्टीवर लाल रेघ असते. ती चिठ्ठीशिवाय नाही, आणि उपाशीपोटी रोज तर नाहीच. मूत्रपिंड, जठर, दोन्ही त्यात जाऊ शकतात.

(माग चालू. आवाज तसाच ठेवायचा. निवेदन नाही.)

(दृश्य : तेच दुकान, तीच कात्री.)

"तम्मा, ते पॅरा... पॅरासिट... थांब, लिहून आणलंय."

चिठ्ठी नातीच्या अक्षरातली आहे. पोरानं कप्पा बदलला, पांढरी पट्टी काढली, कात्री उचलली.

"आणि ते तारखेचं टोक मला दे की रे."