एनडी-४ : एका अक्षराचा फरक

(पडद्यावर : हातातला मोबाइल. मजकुराच्या बरोबर मधे धूसर डाग.)

वय वीस-बावीस. मेसेज वाचताना शब्दाचं पहिलं अक्षर दिसतं, शेवटचं दिसतं, मधलं गायब. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. रंग मात्र फिके पडलेले. समोरच्या माणसाचे कान दिसतात, केस दिसतात. नाक-डोळ्यांच्या जागी धुकं. काही आठवड्यांत, नाहीतर काही महिन्यांत दुसरा डोळाही त्याच वाटेने जातो.

हा लेबरचा आनुवंशिक दृष्टिचेताविकार, इंग्रजीत एलएचओएन. १८७१ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी तो घराण्यांतून चालत येताना नोंदवला. कारण हाती यायला १९८८ उजाडलं. अमेरिकेत डग्लस वॉलेस यांच्या गटाला ते सापडलं, मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या, डीएनएमध्ये.

(ॲनिमेशन : मायटोकाँड्रियाचा आतला पडदा.)

इथे श्वसनसाखळी चालते, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या प्रथिनांची रांग. तिच्या तोंडाशी कॉम्प्लेक्स-१ : एल आकाराचं, ४५ प्रथिनांचं धूड. विहिरीवरची मोट आठवा. बैल धावेवरून उतरतात, पाणी वर येतं. तसंच इथे : उभ्या भागातून अन्नातले इलेक्ट्रॉन उतरतात आणि त्या जोरावर पडद्यात रुतलेला आडवा भाग प्रोटॉन पलीकडे चढवतो. दोन इलेक्ट्रॉनमागे चार प्रोटॉन. त्या आडव्या भागातलाच एक तुकडा म्हणजे एनडी-४, ४५९ अमिनो आम्लांची साखळी.

तिची कृती मायटोकाँड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत लिहिलेली असते. एकूण अक्षरं १६,५६९. त्यातल्या ११,७७८ व्या जागी ‘जी’ऐवजी ‘ए’ येतो आणि साखळीत ३४० व्या ठिकाणी आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन बसतं. बस, एवढंच.

बाकीचं शरीर बहुधा निभावून नेतं. डोळ्याच्या पडद्यावरून निघणाऱ्या मज्जातंतूंना मात्र नेत्रगोलाबाहेर पडेपर्यंत मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त, वेष्टण नसतं. म्हणून संदेश पुढे न्यायला ऊर्जा भरपूर लागते. त्यातही मधली नजर सांभाळणारे तंतू सगळ्यात बारीक. पहिले तेच जातात.

हा डीएनए येतो फक्त आईकडून. मराठीत ‘दोष’ हा शब्द बिघाडालाही वापरतात आणि ठपक्यालाही. या आजारात ती गल्लत आईला फार महाग पडते. तिची स्वतःची नजर अनेकदा शाबूत असते. बदल सगळ्या मुलांकडे जातो, पण आंधळेपण सगळ्यांना येत नाही. मुलग्यांना मुलींपेक्षा धोका कितीतरी जास्त, सिगारेटने आणखी वाढतो. आजारी मुलाच्या पोरांना मात्र बापाकडून हा बदल मिळत नाही.

(पडद्यावर : काचेची कुपी, बारीक सुई.)

उपचाराची एक वाट अशी : एनडी-४ चं जनुक विषाणूच्या पाठीवर बसवून थेट पेशीच्या केंद्रकात न्यायचं. पण केंद्रकाची बोली वेगळी. यूजीए हा संकेत मायटोकाँड्रियात ‘ट्रिप्टोफॅन जोड’ म्हणून वाचला जातो, बाहेर त्याचाच अर्थ ‘थांब’. म्हणून जनुक नव्याने लिहावं लागलं, वर तयार प्रथिनाला मायटोकाँड्रियाचा पत्ताही चिकटवावा लागला.

एका चाचणीत ३७ रुग्णांच्या एका डोळ्यात हे औषध टोचलं. दुसऱ्या डोळ्याला इंजेक्शनचं नुसतं सोंग. तुलना साधी वाटत होती. ९६ आठवड्यांनी पाहिलं, तर सुधारणा दोन्ही डोळ्यांत. मग माकडांच्या एका डोळ्यात तेच टोचून पाहिलं. विषाणूने नेलेला डीएनए न टोचलेल्या डोळ्यातही सापडला.