पाच वर्षांतले 28 महिने

(दृश्य : कुट्टनाड. सकाळची बोट, दप्तरं घेतलेली मुलं, काठाला तटलेली जलपर्णी.)

ही केरळातल्या आलप्पुळ्याहून निघालेली बोट. कुट्टनाडात रस्ता म्हणजे पाणी. शाळा, बाजार, दवाखाना, सगळीकडे जायचं ते याच फळीवर बसून. 1958 साली इथली बोटसेवा सरकारने ताब्यात घेतली आणि विद्यार्थ्यांचं एक आण्याचं तिकीट दहा नव्या पैशांवर नेलं. आणा सहा पैशांचा, म्हणजे वाढ चार पैशांची. तेवढ्यावरून मुलांनी धक्क्यांवर ठाण मांडलं, बोटी अडवल्या, पोलिसांचा मार खाल्ला. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली.

एरवी असल्या आंदोलनात कम्युनिस्ट पुढे असायचे. या वेळी ते खुर्चीत होते. सरकार जेमतेम सव्वा वर्षाचं.

(दृश्य : तिरुवनंतपुरम, सचिवालयाचे पांढरे खांब. मग जुनी छायाचित्रं, मतदारांच्या रांगा.)

1 नोव्हेंबर 1956. भाषावार प्रांतरचनेत त्या दिवशी आपल्या वाट्याला मराठी-गुजराती असं द्वैभाषिक मुंबई राज्य आलं. मल्याळी माणसाला मात्र त्याचं राज्य मिळालं. पहिली निवडणूक 1957 च्या सुरुवातीला झाली. जागा 126. कम्युनिस्ट पक्षाला 60, आणि पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून आलेले पाच अपक्ष. काठावरचं बहुमत, पण बहुमतच.

जगातलं पहिलं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार, असं त्याच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. ते तितकंसं खरं नाही. सान मारिनो नावाच्या टिकलीएवढ्या देशात हे आधीच झालं होतं. पण सान मारिनोची धास्ती कोण घेणार? केरळची दिल्लीनेही घेतली आणि वॉशिंग्टननेही.

ही धास्ती अगदीच बिनबुडाची नव्हती. सहाच वर्षांपूर्वीपर्यंत याच पक्षाने तेलंगणात हातात बंदूक धरली होती. हंगेरीत रशियन रणगाडे शिरले, त्याला सहा महिनेही झाले नव्हते. रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या कुटुंबांत एकच विषय होता : आता आपल्या शाळांचं, आपल्या देवळांचं काय होणार? मतदान केलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांनी या पक्षाला मत दिलेलं नव्हतं. त्यांनी काय करायचं? पाच वर्षं थांबायचं?

(दृश्य : ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांची छायाचित्रं. पांढरं मुंडू, पांढरा सदरा, चष्मा.)

5 एप्रिल 1957. शपथ घेणारे ई. एम. एस. नंबुद्रिपाद. एलंकुळमच्या जमीनदार नंबुद्री घराण्यातले. वाट्याची इस्टेट विकून पैसे पक्षाला देऊन टाकलेले. बोलताना अडखळत. तुम्ही नेहमीच अडखळता का, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणे, नाही, फक्त बोलताना. ही गोष्ट केरळात तुम्हाला कुणीही सांगेल.

शपथ देणारे राज्यपाल बुर्गुल रामकृष्ण राव, आपल्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. त्याआधी ते हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री होते. तिथे त्यांच्यासमोर विरोधी बाकांवर कम्युनिस्टच असायचे.

मंत्रिमंडळ अकरा जणांचं. महसूल खातं के. आर. गौरी यांच्याकडे. वकील, वय चाळिशीच्या आत. मजूर आणि वाहतूक खात्याचे मंत्री टी. व्ही. थॉमस. त्याच वर्षी या दोघांनी लग्न केलं. बोटीच्या तिकिटाचं प्रकरण पुढे याच थॉमस यांच्या खात्यावर शेकलं.

(दृश्य : भातखाचरं. बांधापलीकडे पाण्याची पातळी शेतापेक्षा वर. मजूर बाया लावणी करताहेत.)

हे नीट बघा. पाणी वर आहे आणि शेत खाली. समुद्रसपाटीच्या खालची ही जमीन मातीचे बांध घालून, आतलं पाणी बाहेर उपसून तयार केलेली. घाम गाळला मजुरांनी आणि कुळांनी. कागदावर नाव मालकाचं. वर्षानुवर्षं कसणाऱ्या कुळाला मालकाने हंगाम संपल्यावर ऊठ म्हटलं की उठावं लागे. ज्यांची नुसती झोपडी मालकाच्या जागेत होती, त्यांना तर कधीही.

शपथेनंतर आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला : कुळांना आणि झोपडीवाल्यांना जमिनीवरून हलवायचं नाही. त्यानंतर दोन वर्षं खपून मोठा कायदा तयार झाला. कुळाला मालकी, खंडावर म्हणजे कुळाने मालकाला द्यायच्या वाट्यावर मर्यादा, आणि एका कुटुंबाकडे दुपिकी भातशेती जास्तीत जास्त पंधरा एकर.

यात मॉस्कोहून आलेलं काय होतं? आपल्याकडे ज्यांच्या घरात कुळकायद्याचे दावे चालले असतील, त्यांना 1 एप्रिल 1957 ही तारीख तोंडपाठ असेल. कृषक दिन. त्या दिवशी मुंबई राज्यात कूळ हे जमिनीचं मालक मानलं गेलं. तो कायदा काँग्रेस सरकारचा. नंबुद्रिपाद यांचा शपथविधी त्यानंतर चारच दिवसांनी. काँग्रेसने ठरावांत जे लिहून ठेवलंय तेच आम्ही करतोय, असं ते सांगत राहिले. ऐकणाऱ्यांना ते आणखीच झोंबलं असणार.

(दृश्य : चर्चच्या आवारातली जुनी शाळा. कौलारू छप्पर, लांब व्हरांडा, घंटा.)

जमिनीपेक्षा जास्त भडका शाळेवरून उडाला.

केरळातल्या बऱ्याच शाळा खासगी. काही चर्चच्या, काही नायर समाजाच्या, काही मुस्लिम संस्थांच्या. शिक्षक नेमायचा मॅनेजरने, काढायचाही त्यानेच. सही पूर्ण पगारावर आणि हातात त्याहून कमी, ही तक्रार तेव्हा घरोघर होती. शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी स्वतः ख्रिस्ती. त्रिशूरच्या सेंट थॉमस कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलेले, मल्याळममधले नावाजलेले समीक्षक. त्यांच्या विधेयकात म्हटलं होतं : पगार सरकार थेट शिक्षकाच्या हातात देईल, नेमणूक लोकसेवा आयोगाच्या यादीतून होईल, आणि कारभार बिघडला तर सरकार शाळा ताब्यात घेऊ शकेल.

पहिल्या कलमावर शिक्षक खूश. शेवटच्या कलमावर चर्च पेटलं. विधेयक सप्टेंबर 1957 मध्ये विधानसभेत मंजूर झालं, पण राष्ट्रपतींनी सही न करता ते सर्वोच्च न्यायालयाकडे मत मागायला पाठवलं. न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या हक्कांना बाधा आणणाऱ्या काही कलमांवर बोट ठेवलं. सरकारने दुरुस्त्या केल्या. सही झाली ती फेब्रुवारी 1959 मध्ये. थोडक्यात, ज्याला अंकुश म्हणतात तो इथे होता आणि चालतही होता. कोर्ट होतं, राष्ट्रपती होते, विधानसभेत तगडा विरोधी पक्ष होता. रस्त्यावरच्या लढाईची घाई ज्यांना झाली होती, त्यांनी याचं उत्तर कधी दिलं नाही.

सरकारच्या चुकाही होत्या. मद्रासच्या व्यापाऱ्याकडून टेंडर न काढता तांदूळ घेतला, न्यायालयीन चौकशी झाली. पोलीस ठाण्यांत पक्षाच्या स्थानिक सेलचा शब्द चालतो, अशी ओरड होती. मालकांच्या बाजूने पोलीस पाठवणार नाही म्हणणाऱ्या याच सरकारच्या पोलिसांनी 1958 मध्ये चंदनतोप्पला काजू कामगारांवर गोळ्या झाडल्या.

(दृश्य : 1959 ची छायाचित्रं. मोर्चे, पिकेटिंग करणाऱ्या बायका, बंद शाळा.)

10 जून 1959 ला जमिनीचा कायदा विधानसभेने मंजूर केला. 12 जूनला विरोधकांचा ‘विमोचन समरम’, म्हणजे मुक्तिलढा, सुरू झाला. चर्च, नायर सर्व्हिस सोसायटीचे मन्नत पद्मनाभन, मुस्लिम लीग, काँग्रेस, प्रजासमाजवादी, एरवी एका पंगतीला न बसणारे सगळे एका मांडवात. त्याच वेळी मुंबईत हेच प्रजासमाजवादी आणि हेच कम्युनिस्ट संयुक्त महाराष्ट्र समितीत खांद्याला खांदा लावून उभे होते. राजकारणात भूगोलाला असं महत्त्व असतं!

(दृश्य : अंगमाली. सेंट जॉर्ज चर्च, दफनभूमी.)

13 जूनच्या रात्री अंगमालीला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. सात जण गेले. ते इथे आहेत.

(निवेदन थांबतं. वीस सेकंद फक्त दृश्य.)

13 जून हा मुख्यमंत्र्यांचा वाढदिवस. त्या दिवशी त्यांना पन्नास पूर्ण झाली. पुढच्या तीन आठवड्यांत किनाऱ्यावर आणखी गोळीबार झाले. चेरियतुरात मारल्या गेलेल्यांत कोळीवाड्यातली एक गरोदर बाई होती. तिच्या नावाने घोषणा राज्यभर फिरल्या.

(दृश्य : नेहरूंच्या दौऱ्याची छायाचित्रं.)

जूनच्या अखेरीस नेहरू तिरुवनंतपुरमला येऊन गेले. बरखास्त करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी सुचवलं, तुम्हीच नव्याने निवडणूक घ्या. नंबुद्रिपाद तयार झाले नाहीत, आमच्याकडे पाच वर्षांचा कौल आहे म्हणाले. काँग्रेसच्या अध्यक्ष तेव्हा इंदिरा गांधी, आणि त्यांना थांबायचं नव्हतं. फिरोज गांधी विरोधात बोलले, पण एकटेच. राज्यपालांचा अहवाल दिल्लीला गेला. 31 जुलै 1959 ला कलम 356, म्हणजे राष्ट्रपती राजवट, लावून सरकार बरखास्त झालं. विधानसभेत एकदाही बहुमत न गमावलेलं सरकार.

निवडून आलेल्या कम्युनिस्टांना संधी दिली की नाही? 28 महिने दिली.

(दृश्य : 1960 च्या निवडणुकीची पोस्टरं. वेगाने सरकणारी चित्रं.)

फेब्रुवारी 1960 मध्ये पुन्हा मतदान. विरोधक एकजुटीने लढले. कम्युनिस्टांच्या जागा 60 वरून 29 वर आल्या, मतं मात्र 35 टक्क्यांवरून 39 वर गेली. पट्टम ताणु पिल्लै मुख्यमंत्री झाले. केरळातल्या एका निवडणुकीत कम्युनिस्टांविरुद्ध अमेरिकेचा पैसा आल्याचं भारतातले माजी अमेरिकी राजदूत मॉयनिहन यांनी पुढे कबूल केलं. 356 ची दिल्लीला चटक लागली ती 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्याच्या निकालात त्याला लगाम घालेपर्यंत.

(दृश्य : कुट्टनाड, कापणी. धान्याची पोती होडीत चढवली जाताहेत.)

आणि जमीन? 1 जानेवारी 1970 पासून केरळात जमीनदारी संपली. कूळ मालक झालं, झोपडीवाल्याला त्याची जागा मिळाली. तेव्हाचे मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, 1957 च्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री. त्यांचं सरकार इंदिरा गांधींच्या काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभं होतं.