लाल ठिपक्याची फेरी

काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत मायक्रोकॅथेटर ही अतिशय बारीक नळी कशी वापरतो, याकडे वळण्याआधी डोळ्यातल्या पाण्याविषयी सांगते. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. ते डोळ्याच्या आत, रंगीत पडद्याच्या मागे तयार होतं, मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर. बाहुलीतून ते पुढे येतं, पारपटलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) आणि नेत्रमण्याला (आतल्या भिंगाला) पोसतं आणि कडेच्या जाळीतून झिरपून जातं. जाळीच्या पलीकडे बुबुळाच्या कडेनं गोल फिरणारा एक बारीक कालवा आहे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिश श्लेम यांनी १८३० मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो श्लेमचा कालवा. त्यातून फुटणाऱ्या बारीक वाहिन्या पाणी शिरांपर्यंत नेतात.

काचबिंदूच्या बहुतेक रुग्णांत पाणी जास्त तयार होत नाही, त्याचा निचरा अडतो. जाळी घट्ट होते, कालव्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात, दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू वाळत जाते. पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर हा दाब सर्वसाधारण मानतात, पण एखाद्याची नस त्याहून कमी दाबातही खचते.

औषधाचे थेंब आणि लेझर पुरेनासे झाले की शस्त्रक्रियेचा विचार होतो. १९६८ पासून प्रचलित असलेल्या ट्रॅबेक्युलेक्टॉमीत आपण पाण्याला नवी वाट काढून देतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडप करायची, तिच्याखाली छिद्र ठेवायचं आणि पाणी बाहेरच्या पातळ आवरणाखाली जमू द्यायचं. नस फारच खराब झाली असेल, दाब खूप खाली आणायचा असेल, तर मी आजही हीच शस्त्रक्रिया सुचवते. पण शरीर ही वाट जखम समजून भरून काढू पाहतं. वाट जास्त मोकळी राहिली तर दाब नको तितका उतरतो. शिवाय त्या पातळ फुगवट्यातून जंतुसंसर्ग आत शिरण्याचा धोका वर्षानुवर्षं राहतो.

मायक्रोकॅथेटरमागचा विचार वेगळा आहे: डोळ्याचा स्वतःचा कालवाच मोकळा करायचा. याला कॅनालोप्लास्टी म्हणतात. ही नळी सुमारे २०० मायक्रॉन जाड असते आणि टोक २५० मायक्रॉनचं, म्हणजे दोन-तीन केस शेजारी ठेवले तर होईल तेवढं. टोक गोल आणि गुळगुळीत असतं, म्हणजे भिंत फाटत नाही. त्या टोकाशी लाल दिवा लुकलुकत असतो.

पांढऱ्या भागात दोन थरांची झडप करून कालव्याचं छप्पर उघडायचं आणि तिथून टोक आत सरकवायचं. मग मायक्रोस्कोपचा उजेड मंद करतो. बुबुळाच्या कडेनं, कातडीसारख्या त्या पांढऱ्या थराखालून, एक लाल ठिपका पुढे पुढे सरकताना दिसतो. थोडं अंतर गेलं की सहायक स्क्रू फिरवतो आणि टोकातून दाट जेल सुटून चिकटलेल्या भिंती अलग होतात. इतक्या वर्षांनंतरही त्या ठिपक्यावरून माझी नजर हलत नाही.

कधी ठिपका थांबतो. तेव्हा जोर लावायचा नाही. मागे घ्यायचं, बाहेरून हलकासा दाब द्यायचा, नाही जमलं तर उलट दिशेनं जायचं. आणि ठिपका कड सोडून मागे वळायला लागला, तर टोक कालवा सोडून भलत्या थरात शिरलंय, लगेच बाहेर काढायचं. दिवा आहे तो याचसाठी.

पूर्ण फेरी मारून टोक सुरुवातीच्या जागी आलं की त्याला अतिशय बारीक दोरा बांधायचा आणि कॅथेटर परत ओढायचा. दोरा कालव्यात राहतो. त्याची गाठ ताणून मारली की आतली भिंत ताणलेली राहते आणि कालवा मिटत नाही.

दुसऱ्या एका पद्धतीत पारपटलाच्या कडेच्या छोट्या छेदातून, आतूनच, कॅथेटर कालव्यात घालतात आणि फेरी पूर्ण झाली की दोन्ही टोकं ओढून जाळी सगळीकडे उघडतात. जन्मजात काचबिंदू असलेल्या बाळांत जाळीच नीट घडलेली नसते. त्यांच्यातही कॅथेटरनं जाळी अशीच उघडता येते. पारपटल धुरकट असल्यानं आतलं दिसत नसेल, तर बाहेरून कालवा शोधायचा. तेव्हा तो लाल ठिपका फारच मोलाचा ठरतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. पारपटल आणि रंगीत पडदा यांच्यामधला, जाळी असते तो कोनच बंद असलेल्या काचबिंदूत ही कॅनालोप्लास्टी सहसा चालत नाही. पुढच्या वाहिन्याच सुकल्या असतील तर कालवा मोकळा करून फारसं साधत नाही. जाळी उघडली की डोळ्यात रक्त उतरतं आणि काही दिवस धूसर दिसतं. म्हणून उशाला उंची देऊन झोपायला सांगतो. सुरुवातीला दाब अचानक चढूही शकतो, त्यामुळे रुग्णाला बरं वाटत असलं तरी तपासणी चुकवायची नाही.

रुग्ण विचारतात, "गेलेली नजर परत येईल का?" नाही येणार. वाळलेली नस कुठल्याही शस्त्रक्रियेनं हिरवी होत नाही. हे मी शस्त्रक्रियेच्या आधी सांगते, घरच्यांना समोर बसवून, आणि त्यांना ते नीट उमगलंय याची खात्री झाल्यावरच तारीख देते.